बाद झालेला गडी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरात आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीत एक बातमी आली आणि पुढे दोन दिवस जिन्यात, गॅलरीत, इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी तिच्याखेरीज दुसरा विषय नव्हता. समोरच्या चाळीतल्या दादाला एका कंपनीच्या कबड्डी संघाने घेतले. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ नव्हे. वाडीतली सगळीच मुले त्याला दादा म्हणतात. वय वर्षे 22. खेळतो डाव्या कोपऱ्यात.

बातमी खरे तर आनंदाची. पण आनंद दिसला तो एकट्या त्याच्या आईच्या तोंडावर. बाकीच्यांचे बोलणे निराळे होते. "लीगवाल्यांनी टाकलेला गडी यांनी उचलला," असे एक काका म्हणाले. "एवढी पोरे मैदानात घाम गाळतायत, ती सोडून हा जुना माल कशाला?" असे दुसऱ्यांनी विचारले. तिसऱ्यांनी तर संघाच्या निवड समितीचीच कीव केली. मी तिथेच दुधाची पिशवी हातात घेऊन उभी होते. बोलावेसे पुष्कळ वाटले, पण बोलले नाही. मोठ्या माणसांच्या घोळक्यात एका मुलीने कबड्डीवर मत द्यावे, अशी पद्धत आमच्याकडे अजून पडायची आहे. म्हणून तेव्हा राहून गेलेले बोलणे आज या वार्षिकाच्या पानावर बोलते आहे. गुरुजनांनी आणि मित्रमैत्रिणींनी गोड मानून घ्यावे.

आधी माझा अधिकार सांगते. मी शाळेत आठवीपर्यंत खेळले, मग गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. पण आमच्या मंडळाच्या स्पर्धांत गेली चार वर्षे मी गुणलेखकाच्या टेबलावर बसते. कोण बाद झाला, कोण उठला, कोणाची पकड लागली, हे कागदावर उतरवणे हे माझे काम. तेव्हा मी जे सांगणार आहे ते मैदानाच्या कडेला बसून पाहिलेले आहे.

दादाची हकीकत थोडक्यात अशी. 2022 साली तो 19 वर्षांचा होता, म्हणजे आज मी आहे तेवढा. त्या वर्षी प्रो कबड्डीतल्या एका संघाने त्याला नव्या तरुण खेळाडूंच्या गटात घेतले. ठाकूरद्वारच्या नाक्यावर त्याच्या फोटोचा मोठा फलक लागला. वाडीतल्या प्रत्येकाला त्याच्याबरोबर फोटो हवा होता. कॉलेजचे दुसरे वर्ष अर्धे टाकून तो शिबिराला गेला. हंगामभर तो राखीव खेळाडूंच्या रांगेत बसला. टीव्हीवर सामना लागला की आम्ही त्याचा चेहरा शोधायचो. तो दिसायचा तो खांद्यावर टॉवेल घेऊन, दुसऱ्याच्या पकडीला टाळ्या वाजवताना. प्रत्यक्ष मैदानावर तो उतरला ती मिनिटे माझ्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. पुढच्या वर्षी लिलावाआधी संघाने कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी आली, तिच्यात त्याचे नाव नव्हते. कारण कोणी सांगितले नाही. मोबाईलवर दोन ओळींचा निरोप आला, त्यात शब्द होता 'मुक्त'. आपल्या संतांनी ज्या शब्दासाठी आयुष्य वेचले, तो शब्द 20 वर्षांच्या मुलाला असा फुकट मिळाला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

नाक्यावरचा फलक उतरला. त्याचे कापड पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीवर घातलेले मी पाहिले आहे. दादा घरोघर पार्सले पोचवू लागला. संध्याकाळी सरावाला मैदानावर यायचे त्याने बंद केले. मैदानावरून जाणे टाळण्यासाठी तो फणसवाडीकडून वळसा घालून घरी येई. दोन वर्षे अशी गेली. आणि आता या कंपनीच्या संघाने त्याला बोलावून, तीन आठवडे सरावात पाहून, वर्षभराच्या करारावर घेतले आहे.

माझे म्हणणे असे आहे की हा संघ चुकला नाही. तरुण बचावपटूला एका संघाने सोडले, म्हणजे त्याच्या खेळाचा निकाल लागला, असे मानणे हीच चूक आहे. या संघाने दया दाखवली असेही मी म्हणत नाही. त्याने शहाणपण केले.

हे पटवण्यासाठी आधी कोपऱ्यातल्या गड्याचे काम पाहू. चढाईपटूचे सगळे काही गुणपत्रिकेवर दिसते. स्पर्श केला की गुण, बोनस रेषा ओलांडली की गुण. बचावपटूचे तसे नाही. डावा कोपरा खंबीर आहे हे ओळखून चढाईपटू त्याच्या बाजूला फिरकलाच नाही, तर माझ्या कागदावर काहीही उमटत नाही. वास्तविक तो फिरकला नाही, हेच त्या गड्याचे काम. उलट त्याने एकदा घाई केली, घोट्यावर झेप टाकली आणि पकड सुटली, की त्याच्या नावापुढे बादची खूण होते. त्याच्या चुकांची नोंद होते. राखणीची होत नाही. माझ्याच हातच्या गुणपत्रिका पुन्हा चाळताना मला हे कळले, आणि मी चार वर्षे किती अर्धवट इतिहास लिहिला याची थोडी लाजही वाटली.

प्रो कबड्डीचेच आकडे घ्या. तिथे एका सामन्यात चढाईचे 10 गुण मिळवले की 'सुपर टेन' म्हणतात आणि पकडीचे 5 मिळवले की 'हाय फाइव्ह'. म्हणजे बचावाचा एक गुण चढाईच्या दोन गुणांइतका दुर्मिळ, हे लीगनेच मान्य केले आहे. परदीप नरवाल याने या लीगमध्ये चढाईचे 1801 गुण मिळवले. पकडीत सर्वांच्या पुढे असलेला इराणचा फजल अत्राचली 2024 साली 500 गुणांच्या पुढे गेला, आणि तो तिथे पोचणारा पहिला खेळाडू होता. सर्वोत्तम बचावपटूचे आकडे जर इतके सावकाश वाढतात, तर एका हंगामात थोडी मिनिटे खेळलेल्या 19 वर्षांच्या मुलाचे आकडे काय सांगणार?

दुसरी गोष्ट जोडीची. चढाईला माणूस एकटा जातो. बचाव मात्र कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांच्या जोडीने चालतो. हाताची साखळी धरायची, एकाने पाय टाकायचा, त्याच क्षणी दुसऱ्याने कंबर धरायची. हा मेळ महिनोन् महिने एकत्र राबून जमतो. आमच्या वाडीत दादाच्या शेजारी जो मध्यरक्षक खेळे, तो त्याच्या बालवर्गातला सोबती. त्यांना एकमेकांकडे बघावेही लागत नसे. लीगच्या शिबिरात तो नव्या गावात, नव्या भाषेत, मॅटवर, अनोळखी माणसांच्या मध्ये उभा राहिला. तिथे त्याची जोडी जमायच्या आतच हंगाम संपला.

तिसरी गोष्ट वयाची. बचावपटू उशिरा पिकतो. झेप विशीत येते, पण केव्हा झेपायचे नाही हे कळायला वर्षे जातात. फजल अत्राचली 2015 साली यू मुंबाकडून खेळला, तेव्हा तो 23 वर्षांचा होता. पुढे तो दुसऱ्या संघांकडे गेला. 2018 च्या लिलावात त्याच यू मुंबाने त्याला 1 कोटी रुपये देऊन परत आणले, आणि लीगच्या लिलावात 1 कोटीची बोली लागलेला तो पहिला खेळाडू ठरला. 2023 मध्ये त्याची बोली 1 कोटी 60 लाखांवर गेली. मग वय वाढले, भाव उतरला, आता हा संपला असे लोक म्हणू लागले. आणि 2025 च्या ऑक्टोबरात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला 31-28 असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा दिल्लीच्या बचावात हाच फजल उभा होता, वयाच्या 33 व्या वर्षी. लिलावातला भाव हा त्या दिवशीच्या गरजेचा भाव असतो. त्या माणसाचे मोल त्याने ठरत नाही.

फजल परदेशी आणि असामान्य, असे कोणी म्हणेल. तर आपल्याकडचेच पाहा. ठाणे जिल्ह्यातला गिरीश इरनाक हा डाव्या कोपऱ्यातलाच. बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण, गुजरात जायंट्स अशा किती संघांचे गणवेश त्याने घातले! जितक्या वेळा नवा संघ मिळाला, तितक्या वेळा जुन्या संघाची यादी त्याच्यावाचून लागली होती. त्यामुळे तो टाकाऊ झाला काय? 2018 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या संघात तो होता. यू मुंबाच्या सुरुवातीच्या यशात वाटा असलेला आपला विशाल माने पुढे पाटण्याकडून आणि दिल्लीकडूनही खेळला. संघ बदलणे हा या धंद्याचा नित्यक्रम आहे. आपण मात्र वाडीतल्या मुलाच्या वेळी त्याला कलंक समजतो.

समुद्रापलीकडचे एक उदाहरण देते. ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक निराळाच प्रकार खेळतात. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला 18 खेळाडू, आणि चेंडू हातानेही मारता येतो. तिथल्या मोठ्या लीगमध्ये 18 क्लब आहेत. दर हंगामाच्या शेवटी प्रत्येक क्लब आपल्या यादीतून काही खेळाडू कमी करतो. अशा खेळाडूला पसंतीच्या दुसऱ्या क्लबशी करार करता यावा म्हणून 2012 पासून नियमच आहे. शिवाय हंगाम सुरू होण्याआधी यादीत जागा उरली असेल, तर क्लब अशा खेळाडूला आपल्याबरोबर सराव करू देतो, आठवडेच्या आठवडे त्याला पाहतो आणि मग घेतो. ओलेग मार्कोव्ह नावाच्या बचावपटूला गोल्ड कोस्ट या क्लबने 2022 च्या अखेरीस यादीतून काढले. मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबने त्याला सरावाला बोलावले आणि 2023 च्या हंगामाआधी करारबद्ध केले. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला एक लाखावर प्रेक्षकांसमोर कॉलिंगवुडने अंतिम सामना अवघ्या 4 गुणांनी जिंकला, आणि मार्कोव्ह त्या संघातून खेळत होता. ज्याला वर्षापूर्वी काढून टाकले, त्याच्या गळ्यात विजेत्याचे पदक पडले. तिथल्या क्लबांना माणसांचा तुटवडा नाही. तरी सोडलेल्या खेळाडूला तपासून पाहण्याची रीत त्यांनी नियमांत बसवली आहे.

आता कोणी म्हणेल, यात भावनेचा भाग फार आहे. संघाला पैशाची मर्यादा असते. ते खरे आहे. प्रो कबड्डीत 2023 पासून लिलावासाठी प्रत्येक संघाला 5 कोटी रुपयांची मर्यादा ठरली, आणि यादीतल्या जागाही मोजक्या. नवा मुलगा घ्यायचा तर जुना सोडावाच लागतो. तीन वर्षांपूर्वी दादाला जागा मिळाली ती कोणाची तरी रिकामी झालेलीच होती. म्हणून सोडणे हा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. सोडलेले सगळे हिरे असतात असेही नाही. काहींचा खेळ खरोखरच तेवढ्या पातळीचा नसतो. दादा स्वतःच सांगतो की घोटापकडीत त्याचा डावा हात उशिरा येतो आणि वेगवान चढाईपटू त्याचा फायदा घेतो. माझा आक्षेप सोडण्याच्या रीतीवर आहे, आणि सोडल्यानंतर आपण गावकरी त्या मुलाला जे नाव ठेवतो त्यावर आहे.

हे सर्व मी एके दिवशी आमच्या आजोबांपुढे मांडले. ते 75 वर्षांचे आहेत आणि कोकणातल्या मातीत हुतुतू खेळले आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला एक अशी गोष्ट सांगितली, जी गुणलेखक असूनही मला ठाऊक नव्हती. ते म्हणाले, "अगो पोरी, पूर्वी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळत. संजीवनी, गामिनी आणि अमर." संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला बसलेला गडी उठायचा. गामिनीत बाद झाला तो बसलाच, सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला उठता येत नसे. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानाबाहेर जातच नसे, नुसता गुण मोजला जाई. पुढे सातारा, पुणे, बडोदे अशा ठिकाणच्या जाणत्यांनी नियम बांधले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1918 च्या सुमारास नियम केले, 1923 साली बडोद्याला मोठी स्पर्धा झाली. आज आपण जी कबड्डी खेळतो तिने या तिघांतून संजीवनीचा नियम उचलला आहे.

मी विचार करीत राहिले. या जाणत्यांना अमर घेता आला असता, पण मग बाद होण्याला काही अर्थच उरला नसता. गामिनी घेता आला असता, पण मग एका चुकीची शिक्षा फार मोठी झाली असती. त्यांनी मधला मार्ग धरला. चुकलास तर बाहेर बस. पण संघाने गुण मिळवला की तुला पुन्हा आत यायचे आहे. आपल्या मातीतल्या खेळाने हा न्याय शंभर वर्षांपूर्वी ठरवला. त्याच खेळाची लीग चालवताना, त्यावर बोलताना आपण मात्र गामिनीचा कायदा लावतो.

आजोबा पुढे बोलले ते स्वतःविषयी. ते परळच्या एका गिरणीत आधी बदली कामगार होते. रोज पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर घरी. पुष्कळ वर्षांनी कायम झाले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी कोणी जाहीर केले नाही. आजोबांसारखे हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. तेव्हा ते 32 वर्षांचे होते. "सुताचा धागा मला डोळे मिटून जोडता येत होता," ते म्हणाले, "पण जिथे जाई तिथे विचारीत, संपातला काय? मग दार बंद." गिरणीचा माणूस म्हणजे कटकटीचा, असा शिक्का बसला होता. अखेर ठाकूरद्वारच्या एका छापखान्याच्या मालकाने त्यांना बांधणीखात्यात लावून घेतले. त्या मालकालाही लोकांनी विचारले असेल, की गिरणीने टाकलेला माणूस कशाला घेता? त्याने उत्तर काय दिले ते आजोबांना ठाऊक नाही. एवढे खरे की आजोबांची बोटे धाग्याला सरावलेली होती आणि पुस्तक शिवायलाही धागाच लागतो. 28 वर्षे त्यांनी तिथे पुस्तके शिवली. अशी कॉलेजांची वार्षिकेही त्यांच्या हातून गेली असतील. त्यांना वाचता येई ते जेमतेम. त्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. त्या मालकाने त्या दिवशी नाही म्हटले असते, तर आमचे बिऱ्हाड गावी परतले असते, आणि हा लेख लिहायला मी इथे नसते. म्हणून दादाला कोणी 'जुना माल' म्हटले की मला ते माझ्याच घराला म्हटल्यासारखे लागते.

नुसती टीका करून थांबू नये, असे आमचे प्राध्यापक सांगतात. म्हणून तीन सूचना करते.

पहिली, संघांनी तरुण खेळाडूला सोडताना कारण सांगावे, तोंडावर आणि स्पष्ट. तुझा डावा हात उशिरा येतो, हे वाक्य दादाला त्याच दिवशी ऐकायला मिळाले असते तर दोन वर्षे त्याने त्या हातावर मेहनत घेतली असती. ते त्याला कळले परवा, नव्या संघाच्या प्रशिक्षकांकडून. कारण कळले तर माणूस सुधारतो. नुसते 'मुक्त' म्हटले तर तो स्वतःच्याच सगळ्या अंगांवर संशय घेत बसतो.

दुसरी, आपल्या मुंबईतल्या मंडळांनी आणि कंपन्यांच्या संघांनी सोडलेल्या मुलांसाठी हंगामाआधी खुला सराव ठेवावा. एका दुपारच्या चाचणीत बचावपटू कळत नाही. त्याला तीन-चार आठवडे जोडीत उभा करून पाहावा. एके काळी रेल्वे, बँका आणि कारखाने यांच्या संघांनी गिरगाव-परळच्या किती मुलांना नोकरीला लावले, हे आपल्या घरची मोठी माणसे सांगतात. आता तशा कायम जागा कमी झाल्या, म्हणून तर निवडीत जास्त डोळसपणा हवा.

तिसरी सूचना आपल्या कॉलेजजगताला. 19 वर्षांचा मुलगा खेळासाठी वर्ष सोडून गेला, तर परत येण्याची वाट उघडी ठेवावी. दादाचे दुसरे वर्ष अर्धवट राहिले. परत प्रवेश घ्यायला गेला तेव्हा एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरून तो कंटाळला आणि पार्सलांच्या पिशवीला लागला. आता त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणला आहे. मुक्त झालेला गडी मुक्त विद्यापीठात चालला, असा विनोद तो स्वतःच करतो. दोन वर्षांनी प्रथमच त्याला स्वतःवर विनोद करताना ऐकले, आणि मला फार बरे वाटले.

माझ्या मैत्रिणी हा लेख वाचून विचारतील, की आमचे काय? त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुलांना यादीतून काढतात म्हणून आपण हळहळतो; मुलींना तशी यादीच नाही. 2016 साली प्रो कबड्डीबरोबर मुलींच्या तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, तेवढीच. पुढे ती झाली नाही. आणि इकडे अभिलाषा म्हात्रेसारखी आपली मुंबईची मुलगी 2012 ची विश्वविजेती ठरली, तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 साली ढाक्याला भारतीय मुलींनी पुन्हा विश्वचषक जिंकला. खेळ आहे, विजय आहेत, मुलांच्या तोडीची लीग नाही. म्हणून मी म्हणते, दादा निदान बाद तरी झाला. आमच्या वाडीतल्या मुली अजून मैदानाबाहेरच उभ्या आहेत. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पुढल्या वर्षी लिहीन.

मित्रहो, शेवटी आपल्याविषयी. आपल्या वर्गातही याद्या लागतात. पहिल्या वर्षाच्या निकालात माझे दोन विषय राहिले होते. सूचनाफलकासमोर गर्दी होती आणि मागून कोणीतरी म्हणाले, "ही काय पुढे जाते?" घरी विचारायला कोणी नव्हते, कारण एटीकेटी म्हणजे काय हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आईला वाटले नाव कमी केले. ते दोन विषय मी सोडवले, कारण एका बाईंनी मला बोलावून उत्तरपत्रिकेत नेमके काय चुकले ते सांगितले. फक्त अर्धा तास दिला त्यांनी. दादाला तो अर्धा तास द्यायला कोणी भेटले नव्हते, एवढाच आम्हा दोघांत फरक.

जानेवारीत ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्यात दादाचा नव्या संघाकडून पहिला सामना झाला. आजोबांना घेऊन मी गेले होते. गुणलेखकाचे टेबल दुसऱ्यांचे होते, तरी सवयीने मी वहीत खुणा करीत बसले. दादा पहिल्या सात मिनिटांत दोनदा बाद झाला. आमच्या मागे बसलेल्यांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. दोन्ही वेळा संघाने गुण मिळवला आणि तो उठून आत आला. उत्तरार्धात त्याच्या तीन पकडी लागल्या, एक सुटली. सामना त्याचा संघ हरला, 4 गुणांनी. उत्तरार्धात समोरचा चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे येईनासा झाला होता, हे मात्र कोणत्याच कागदावर आले नाही. म्हणून मी माझ्या वहीच्या समासात ते लिहून ठेवले.

येत्या मार्चमध्ये आमच्या वाडीत स्पर्धा आहेत. टेबलावर मी असेन. डाव्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवायला जरूर या.